पाटी एकालाच दिसते

"इतिहासाशी आपण एका स्क्रूइतकीसुद्धा बेइमानी करणार नाही!" दिग्दर्शक तेजस कर्णिक हरणमाळावर सव्वाशे माणसांसमोर गरजला, आणि त्याच्या खालची खुर्ची मोडली.

खुर्ची अस्सल होती. एकोणीसशे बहात्तर सालची, एका बंद पडलेल्या नाटक कंपनीच्या गोदामातून शोधून आणलेली. अस्सल होती म्हणूनच मोडली. तेजस उठला, पाठीमागची धूळ झटकली आणि अभिमानानं म्हणाला, "बघितलंत? त्या काळातलं लाकूड आहे हे." मी मान डोलावली. मीही त्या काळातलंच लाकूड. म्हणून तर मला तिथे आणलं होतं.

ही दोन हजार दहाच्या जानेवारीतली गोष्ट. इतकी वर्षं मी ती लिहिली नाही, कारण एकीला शब्द दिला होता. गेल्या वर्षी ती गेली. आता शब्द मोडला तर रागवायला कुणी नाही, आणि पाळला तर शाबासकी द्यायलाही कुणी नाही.

सिनेमा होता भूपाल चौगुलेवर. भूपा म्हणजे सांगलीच्या हळदीच्या व्यापाऱ्याचा थोरला मुलगा, माझा शाळेपासूनचा मित्र. पेढीवर बसला की त्याला झोप यायची आणि गाडीत बसला की जाग. इंग्रजांनी लढाईत बांधून टाकून दिलेली विमानाची धावपट्टी हरणमाळावर होती. तिथे दर जानेवारीत मोटारींच्या शर्यती व्हायच्या. मद्रासहून, कलकत्त्याहून लोक चकचकीत गाड्या घेऊन यायचे. आमची गाडी बाबालाल मुल्ला मिस्त्रीनं गॅरेजमध्ये बनवलेली. इंजिन भंगारातलं, पत्रा गोड्या तेलाच्या डब्यांचा, आणि रंग घरच्या धंद्याला जागून हळदीचा. भूपा चालवायचा, बाबालाल दुरुस्त करायचा, आणि मी पाटी धरायचो.

पाटी म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. गाडीत बसलेल्याला इंजिनापुढे काहीही ऐकू येत नाही. म्हणून दर फेरीला तो समोरून जाताना त्याच्या माणसानं कडेला उभं राहून एक पाटी वर धरायची. किती फेऱ्या उरल्या, मागे कोण आहे, तेल-पाण्यासाठी आत यायचं का. मद्रासवाले इंग्रजीत लिहायचे. आम्ही मराठीत लिहायचो, म्हणजे मद्रासवाल्यांना कळू नये. पाटीची एक गंमत अशी, की ती शेजारच्याला दिसत नाही, मागच्या गर्दीला दिसत नाही. तिचं तोंड रस्त्याकडे. जगात एकालाच दिसते, तीही दोन सेकंद.

बहात्तरच्या जानेवारीत वीस फेऱ्यांची शर्यत होती. अठराव्या फेरीला भूपा पहिला होता. मागच्या डाव्या चाकातून धूर येतोय हे बाबालालनं पाहिलं आणि तो मला ओरडला, "आत घे त्याला!" मी पाटी धरली. भूपानं हात वर केला, हलवला, आणि तो थांबला नाही. पलीकडच्या बाभळींच्या वळणावर चाक निखळलं. सव्वीस वर्षांचा होता.

पाटीवर 'आत' लिहिलं होतं. भूपानं हातानं 'नाही' म्हटलं आणि तो गेला. असं मी त्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं आणि नंतर एका दैनिकात लिहिलं. छापून आलेला तो माझा पहिला मजकूर. संपादकांना इतका आवडला, की त्यांनी मला नोकरी दिली. पुढे पस्तीस वर्षं मी तिथे विनोदी सदर चालवलं. पुढाऱ्यांच्या थापा उघड्या करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. लोक म्हणायचे, काय धार आहे हो तुमच्या लेखणीला, खोटं म्हणून चालत नाही.

बाबालालही माझ्या सांगण्यावर भरवसा ठेवूनच गेला. "तू बोलावलंस. आपल्या हातात तेवढंच होतं," म्हणायचा.

तर तेजसनं हा हात वर करून 'नाही' म्हणणारा भूपा वाचला आणि तो वेडाच झाला. दोन वर्षं त्यानं अभ्यास केला. हरणमाळावर आता पवनचक्क्या आहेत, त्या संगणकानं पुसायचं ठरवलं. गाडीची हुबेहूब नक्कल बनवली. रंग जुळेना, तेव्हा सांगलीच्या बाजारातून हळकुंडं आणून, कुटून, पेंटरच्या नाकाखाली धरली. त्या काळी शर्यतीच्या इंजिनात एरंडेल घालत, म्हणून त्यानं एरंडेलही घातलं.

"तेजसराव," मी म्हटलं, "वास काय पडद्यावर दिसणार आहे का?"

"पडद्यावर नाही, सर. माणसांच्या चेहऱ्यावर दिसेल."

माझ्या चेहऱ्यावर दिसला असावा. जळलेल्या एरंडेलाला एक गोडसर, उग्र वास असतो. अडतीस वर्षांत मी पोटाच्या नाना तक्रारी सोसल्या, पण घरात एरंडेल येऊ दिलं नव्हतं. इथे ते सकाळपासून वाऱ्यावर होतं, आणि त्यातून ती पिवळी गाडी फेऱ्या मारत होती. तिच्याकडे पाठ केली की ती खरी वाटायची. तोंड केलं की जरा बरं वाटायचं, कारण आत बसलेला माणूस भूपाच्या दीडपट होता.

कलाविभागातली एक मुलगी पाटी घेऊन माझ्याकडे आली. अपघातानंतर भिंतीला टेकून ठेवलेल्या पाटीचा एका पेपरवाल्यानं फोटो काढला होता, तो तिच्या हातात होता. पाटीवर खडूनं लिहिलेलं, 'आत'.

"काका, बघा ना, जमलंय का? ह्या 'आ'चा काना तुम्ही असा थरथरता काढलाय. मला चार दिवस जमत नव्हता. शेवटी धावत्या जीपमध्ये बसून काढला."

"जमलाय," मी म्हणालो.

"तुमचं अक्षरच असं आहे का, घाईत होतात?"

"घाईत होतो," मी म्हणालो. हे मात्र खरं होतं. पाटी पुसून त्यावर दुसरं काही लिहायला मला त्या दिवशी पाव मिनिटच मिळालं होतं.

दुपारी पद्मावहिनी आल्या. भूपाची बायको. लग्नाला दीड वर्ष झालेलं, पाचवा महिना चालू, अशा वेळी तिच्यावर हे कोसळलं होतं. आता साठीच्या पुढे, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, हातात पाण्याची बाटली आणि चेहऱ्यावर पेढी चालवणाऱ्या बाईचा करारीपणा. दिराला बाजूला सारून तीस वर्षं त्यांनीच पेढी चालवली होती.

"भाऊजी, वाळलात."

"वाळल्यावरच टिकतं, वहिनी. तुमच्या हळदीसारखं."

"हळदीला किंमत असते," त्या म्हणाल्या आणि बसल्या. तेजसनं घाईघाईनं त्यांच्याखालची अस्सल खुर्ची काढून प्लास्टिकची दिली.

वहिनींनी सिनेमाला परवानगी देताना एकच अट घातली होती आणि ती करारात टाइप करून घेतली होती. बोलावलं होतं आणि तो आला नाही, हे लहान मुलालाही कळेल असं दाखवायचं. बाकी नाचगाणी काय घालायची ती घाला. आज तोच प्रसंग होता. तेवढ्यापुरत्याच त्या आल्या होत्या.

"सर, तुम्हाला सांगतो," तेजस माझ्या कानाशी म्हणाला, "दोन स्वतंत्र साक्षीदार. तुम्ही इथे पाटी धरून, मॅडम तिथे कनातीत. दोघांचं सांगणं शब्दन् शब्द जुळतं. संशोधनात असं सोनं मिळत नाही."

"जुळतंय खरं," मी म्हणालो.

वहिनींनी ऐकलं. "न जुळायला काय झालं? डोळ्यांनी पाहिलंय मी. उभी होते. हात असा हलवला त्यानं. मला, पोटातल्या लेकराला, सगळ्यांना मिळून एकच हात." त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "घरी त्याचा फोटो आहे. सासूबाई होत्या तोवर त्या हार घालायच्या. मी पुसते फक्त. बोलावल्यावर यायचं असतं. न येणाऱ्याशी मी बोलत नाही."

हे त्यांच्या तोंडून मी पूर्वीही ऐकलं होतं. दिवाळीत भेटायला गेलो की एकदा तरी ऐकायचो. दर वर्षी ठरवून जायचो की आज सांगायचं, आणि दर वर्षी चकली खाऊन परत यायचो. पण आता हे सिनेमात जाणार होतं. एकदा ते पडद्यावर गेलं, की भूपा कायमचा न आलेला होणार होता. तिच्यासाठी आणि आता अख्ख्या महाराष्ट्रासाठी.

"सर, एक विनंती आहे," तेजस म्हणाला. "पाटी तुम्हीच धरा. कॅमेरा तुमच्या मागून आहे, तुमचे फक्त हात दिसतील. विग वगैरे नको. पण हात खरे पाहिजेत."

"हात पासष्टीला आलेत, तेजसराव. तेव्हा पंचविशीतले होते."

"लांबून चालतील. पकड खरी पाहिजे."

माझी पकड खरी आहे असं मला पहिल्यांदाच कुणी सांगत होतं. मी बांबू हातात घेतला.

गाडी चालवणारा होता मल्लाप्पा कोरे. बेळगावचा. पन्नाशीचा, गोल पोटाचा, पंचवीस वर्षं मोटारींच्या शर्यती मारून आता सिनेमावाल्यांसाठी गाड्या उलट्यापालट्या करून देणारा. जवळून दिसायच्या वेळी देखणा नट, लांबून मल्लाप्पा. तेजसनं त्याला नीट समजावलं. समोरून यायचं, पाटी बघायची, हात वर करून 'नाही' असा हलवायचा, निघून जायचं.

"एवढंच की ओ," मल्लाप्पा म्हणाला.

ॲक्शन झालं. पलीकडच्या वळणावरून गाडी निघाली. आधी आवाज आला, मग वास, मग तो पिवळा ठिपका. मी 'आत' वर धरलं. बांबू दोन्ही मुठींत आवळला, आणि तेजसला हवी होती ती खरी पकड बहुधा हीच. ठिपका मोठा झाला. गाडी समोर आली, इंजिनाचा आवाज खाली उतरला, चाकं डावीकडे वळली, आणि गाडी रस्ता सोडून सरळ माझ्यापुढे येऊन थांबली.

इंजिन बंद झाल्यावर जी शांतता पडते, ती मला ठाऊक होती. ती फक्त चुकीच्या वर्षी पडली होती.

"कट! मल्लाप्पा, काय केलंस हे?"

"सॉरी ओ, सॉरी. पाटी दिसली, आलो. पुन्हा घेऊ."

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. आवाज, वास, ठिपका, पाटी, आणि गाडी माझ्या पायापाशी. ह्या वेळी मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा हेल्मेटमधला माणूस माझ्याकडे बघत होता, हनुवटी वर करून. भूपा असाच करायचा. हातमोज्यांमुळे त्याला हेल्मेटचा पट्टा सुटायचा नाही. गाडी थांबली की हनुवटी वर करून बसायचा आणि पट्टा मी सोडवायचो.

"काका, पट्टा काढा की ओ," आतून आवाज आला. "नाक खाजायलंय केव्हाचं."

अस्सल पट्टा होता. दोन कड्यांमधून ओवलेला. आजूबाजूची तीन पोरं तो सोडवायला धडपडत पुढे आली आणि मागे सरली. माझ्या बोटांनी तो मला न विचारताच सोडवला.

तेजस धावत आला. "मल्लाप्पा, अरे इतिहासात तो येत नाही! आत येत नाही तो!"

मल्लाप्पानं पोटभर नाक खाजवून घेतलं. "तुमचा इतिहास असू दे ओ. पंचवीस वर्षं गाडी मारलोय मी. आपल्या माणसानं आत म्हटलं की हात आपोआप वळतात, डोकं नंतर विचार करतं. बोलावल्यावर न येणारा ड्रायव्हर मी तरी बघितलेला नाही. त्यातून पुढे असलेला. त्याला तर गाडी मोडायचं आधी भ्या."

"पण हा गेला ना!"

"मग पाटीवर दुसरं काहीतरी असंल," मल्लाप्पा म्हणाला, आणि चहा मागितला.

सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत. प्लास्टिकच्या खुर्चीवरून त्या उठून उभ्या राहिल्या होत्या आणि गाडीकडे बघत होत्या. पिवळी गाडी, बोलावल्यावर आलेली, दोनदा.

"कोरे," त्यांनी हाक मारली. "खरंच येतात?"

"येतातच की ओ, आज्जी. कोण नाही येणार?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी पाटीकडे पाहिलं.

उजेड उतरायला लागला होता. तेजस घड्याळ बघत होता. शेवटी मल्लाप्पानंच तोड काढली. "कॅमेरा मागून आहे न्हवं? पाटीचं तोंड कुणाला दिसतंय? आत सोडून दुसरं कायबी लिहा. जातो मी सरळ."

"सर, लिहा काहीही," तेजस म्हणाला. "अक्षरांचा क्लोजप आपण घेतलाय."

मी पाटी गुडघ्यावर घेतली. ओल्या फडक्यानं थरथरता काना पुसला. खडू हातात घेतला आणि काय लिहायचं ह्याचा विचार करावा लागला नाही.

त्या दिवशी बाबालाल ओरडला, तेव्हा पाटी लिहून झालेली होती. आकडे नव्हते, एक थट्टा होती. भूपाची आणि माझी ती रीतच होती. पुढे असला आणि बरं चाललेलं असलं, की एखाद्या फेरीला मी आकड्यांऐवजी काहीतरी खोडी लिहायचो आणि तो हसत जायचा. बाबालालला हे माहीत नव्हतं. कळलं असतं तर त्यानं हातातला पानाच उगारला असता. "आत घे त्याला!" तो ओरडला, आणि मी मागे वळून "हो" म्हणालो. गाडी वळणावर दिसत होती. पुसायला वेळ होता. पण थट्टा चांगली जमली होती. मी म्हटलं, एवढी ही फेरी जाऊ दे. पुढच्या फेरीला 'आत' लिहू. दोन मिनिटांनी काय होतंय?

विनोद चांगला जमला की मला तो फुकट घालवता येत नाही. पुढे लोकांनी ह्याला माझी शैली म्हटलं.

पाटी लिहून मी उभा राहिलो. गाडी निघाली. आवाज, वास, ठिपका. मल्लाप्पानं पाटी वाचली आणि त्याचे खांदे हलले. लांबूनही कळलं, तो हसतोय. त्यानं मान वहिनींकडे वळवली, हात वर केला, त्यांच्या दिशेनं हलवला, आणि गाडी सणसणत निघून गेली.

तसाच. अगदी तसाच हात.

"कट! परफेक्ट!" तेजस नाचायला लागला. लोक टाळ्या वाजवू लागले. पलीकडून मल्लाप्पाचा आवाज आला, "आज्जी तर टक्क जाग्या आहेत की ओ काका!" पण त्या गलक्यात तो कुणाला ऐकू गेला नाही.

वहिनी चालत माझ्याकडे आल्या.

"हा नाही म्हणाला नाही, भाऊजी," त्या म्हणाल्या. "हा हसला. आणि माझ्याकडे बघून हात केला. काय लिहिलंत?"

मी पाटी छातीशी धरली.

"तेव्हाही हेच होतं का?"

सदरासाठी मी आयुष्यात दोन हजारांवर लेख लिहिले असतील. त्यातलं एक वाक्य कामी आलं नाही. मी पाटी फिरवून त्यांच्यापुढे धरली. त्यावर लिहिलं होतं : 'वहिनी झोपल्या'.

त्यांनी वाचलं. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत वाचलं. मागे पवनचक्क्या फिरत होत्या. त्या पुसायच्या अजून बाकी होत्या.

"बोलावलंच नव्हतं त्याला," त्या म्हणाल्या.

"नाही. पुढच्या फेरीला बोलावणार होतो. 'आत' मी नंतर लिहिलं. सगळे तिकडे धावले तेव्हा."

"अडतीस वर्षं मी त्याच्याशी बोलले नाही."

"हो, वहिनी."

त्या मला मारतील असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या नुसत्या पाटीकडे बघत राहिल्या, जणू अजून काही लिहिलेलं असेल.

"पहाटे तीनला उठले होते," त्या म्हणाल्या. "तुम्हा सगळ्यांच्या दशम्या करायला. पाचवा महिना. कनातीत जरा टेकले."

"आठवतंय."

"जाग आली तेव्हा सगळे पळत होते. सासूबाईंनी विचारलं, तू पाहिलंस ना गं? काय सांगणार होते? नवरा गाडीत आणि बायको घोरत होती? तुम्ही जे सगळ्यांना सांगत होता, तेच सांगितलं."

तेजसचे दोन स्वतंत्र साक्षीदार एकमेकांसमोर उभे होते. शब्दन् शब्द जुळत होता.

तेवढ्यात तो धावतच आला. घामेजलेला, डोळ्यांत पाणी. "सर, मॅडम, प्रामाणिकपणे सांगा. असाच होता ना? हाच हात ना?"

"हाच," आम्ही दोघंही एकदमच म्हणालो. ह्या विषयावर आम्ही दोघांनी त्याला सांगितलेलं ते पहिलं खरं, आणि वहिनींनी तर तो हात पाहिलाच नव्हता.

"काही बदलायचं असेल तर आत्ताच सांगा. उद्या सेट मोडणार. इतिहासाशी मला एका स्क्रूचीही..."

"आहे," मी म्हणालो. "तेजसराव, बसा. त्या पाटीबद्दल एक गोष्ट..."

वहिनींनी माझ्या शर्टाची बाही ओढली. पाटी हळूच स्वतःच्या साडीकडे वळवून धरली आणि माझ्या कानाशी वाकल्या.

"तुमचं काय ते सांगा, भाऊजी. पण मी झोपले होते, एवढं मात्र सांगू नका. आणि हे आधी पुसा."